नकाशाबरहुकूम खुर्ची

माझ्या मावशीच्या यजमानांनी आजवर कुठलीही गोष्ट तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय घेतलेली नाही, आणि याला जगात एकही अपवाद नाही. खुद्द मावशीसुद्धा नाही. तिचं स्थळ तिसरं होतं. "तशी पहिली दोन कोटेशनंही वाईट नव्हती," असं काका अजून चारचौघांत सांगतात आणि मावशी अजून तितक्याच शांतपणे म्हणते, "मग तिकडे द्यायची होती ऑर्डर." अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत काकांनी सगळी नोकरी पर्चेस डिपार्टमेंटमध्ये काढली. पिंपं, पंप, पाइप, टाचण्या, दिवाळीचे मिठाईचे डबे, काय हवं ते विकत घ्यायचं, पण तीन ठिकाणची कोटेशनं मागवून. कंपनीनं त्यांना रिटायर केलं, कोटेशनांनी केलं नाही. बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या घरी कोथिंबिरीची जुडीसुद्धा याच रस्त्यानं येते. किंवा येत नाही. खरवईहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईंकडे भाव विचारायचा, मग पुढच्या नाक्यावर, मग स्टेशनजवळ, आणि सर्वांत कमी भाव त्या पहिल्या बाईंचाच निघाला म्हणून परत त्यांच्याकडे जायचं, तोवर बाई कोथिंबीर संपवून घरी गेलेल्या असतात. काका रिकामी पिशवी घेऊन, पण तिन्ही भाव तोंडपाठ करून परत येतात. अशा दिवशी जेवायला वाढताना मावशी सांगते, "आज आमटीत नुसते भाव घातलेत."

त्यांची दुसरी खोड अशी की वाचल्याशिवाय ते कशालाही हो म्हणत नाहीत. आपण सगळे जिथे डोळे मिटून सही करतो, तिथे काका चष्मा पुसायला घेतात. पार्किंगच्या पावतीची मागची बाजू, कुकरबरोबर आलेलं माहितीपत्रक, लाँड्रीच्या बिलावरचे बारीक नियम, सगळं. एकदा नाटकाला गेलो असताना तिकिटामागचा मजकूर पुरा झाल्याशिवाय ते आत यायला तयार नव्हते. पहिला अंक आम्ही दाराबाहेरून ऐकला. हल्ली असला मजकूर बहुतेक इंग्रजीत असतो, आणि इथे माझा संबंध येतो. मी इंग्लिश मीडियमची. आमच्या नातेवाइकांत याचा अर्थ मला वकिलाचं इंग्रजी येतं असा घेतला जातो. वास्तविक मला कुठलीच भाषा मोठ्यानं बोलता येत नाही. शेअर रिक्षात "इथे थांबवा" म्हणायला लागू नये म्हणून मी पुढच्या नाक्यावर सगळ्यांबरोबर उतरते आणि मागे चालत येते. चार माणसांत बसले की कुणी ना कुणी आईला विचारतं, "ही बोलत का नाही?" जणू मी घरातला बिघडलेला रेडिओ आहे. काकांनी हे कधीच विचारलं नाही. ते माझ्या हातात कागद देतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "वाच. सावकाश. कलम गाळू नकोस." मी इंग्रजीत वाचते, मग मराठीत सांगते. 'इन्डेम्निटी'ला मराठीत काय म्हणायचं यावर आमचा एक अख्खा रविवार गेलेला आहे. माझं मराठी थोडंफार सुधारलं असेल, तर ते अशा करारनाम्यांवर सुधारलं आहे.

रिटायर झाल्यावर काकांनी सुतारकाम धरलं. गॅलरीत करवत, रंधा, पटाशी अशी मांडामांड झाली आणि घरात एकेक वस्तू जन्माला येऊ लागली. पहिलं अपत्य चपलांचं कपाट. ते इतकं खोल झालं की तेव्हापासून घराचं दार अर्धंच उघडतं आणि पाहुण्यांना अंग चोरून आत यावं लागतं. जे अंगानं भरलेले आहेत ते दारातूनच बोलून जातात. मग चिमण्यांसाठी घर झालं. त्याचं भोक एवढंसं होतं की चिमण्या कठड्यावर बसून आत कुणी राहतंय का एवढं बघून निघून जायच्या. या सगळ्याचं मूळ कॅलेंडरमध्ये होतं. काका नकाशे काढायचे ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर, आणि मावशीची दुधाची, गॅसची टिपणंही त्याच पानांवर व्हायची. चपलांच्या कपाटाशेजारी मावशीनं सहज 'गॅस १८' असं लिहून ठेवलं होतं, म्हणजे अठरा तारखेला सिलिंडर आला. काकांनी फळ्या अठरा इंच कापल्या. चिमण्यांच्या भोकाचं माप म्हणजे त्या दिवशी घेतलेलं जादा अर्धा लिटर दूध.

स्वयंपाकघरातला ओटाही काकांच्याच हिशेबाचा. फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी गवंड्याला सांगून तो मुद्दाम उंच करून घेतला. खाली सिलिंडर राहावा, त्यावर रेग्युलेटर राहावा, आणि पुढेमागे सरकारनं सिलिंडर उंच केले तर त्यांचीही सोय असावी. सिलिंडर काही उंच झाले नाहीत. मावशी मात्र इतकी वर्षं खांदे वर उचलून पोळ्या लाटत आली, आणि गेल्या वर्षी तिचे गुडघे गेले. काकांनी तीन डॉक्टर केले. तिघांनी एकच सांगितलं : खाली बसायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही. "तिन्ही कोटेशनं एकसारखी आली," काका गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे यांचं आपापसात ठरलेलं आहे." मावशी एरवी अशा वेळी हसते. त्या दिवशी हसली नाही. घरातले गौरी-गणपती काकांच्या घराण्याचे, आणि लग्न होऊन आल्यापासून गौरीचा नैवेद्य मावशीच्या हातचा. पुरणपोळी, सोळा भाज्या, घावन-घाटलं, आणि वर घरभर माणसं जेवायला. "मला आता उभं राहवत नाही," ती म्हणाली, "आणि केटररचं ताट मी गौरीपुढे ठेवणार नाही. यंदापासून गौरी अंबरनाथला जाऊ देत." अंबरनाथला तिचे धाकटे दीर आणि जाऊबाई राहतात. या जाऊबाई म्हणजे माझ्या अंबरनाथच्या काकू, फार चांगल्या आहेत, त्यामुळेच तर पंचाईत होती. त्यांनी गौरी प्रेमानं नेल्या असत्या, प्रेमानं केल्या असत्या, आणि एकदा गेलेल्या गौरी पुन्हा परत मागता येत नाहीत हे मावशीलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी काकांनी टेप घेऊन ओटा मोजला, मग मावशीला उभं करून मोजलं, आणि जाहीर केलं की ते तिला ओट्यापाशी बसून स्वयंपाक करता येईल अशी खुर्ची करून देणार. उंच, पाठ असलेली, आणि स्वयंपाकघर चिंचोळं म्हणून घडी होणारी.

"भावजी, एक उंच स्टूल आणा की बाजारातून," अंबरनाथच्या काकू म्हणाल्या.

"ओटा आपल्या मापाचा आणि स्टूल त्यांच्या मापाचं? जमेल कसं?"

मावशीनं एकच अट घातली. "माझी खुर्ची कॅलेंडरवर काढायची नाही." आणि मुदत दिली ती गणपती बसायच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी खुर्ची आली नाही, तर गौरीचे मुखवटे काकूंच्या हाती द्यायचे.

अशा रीतीनं काकांना कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर हवं झालं. मी माझा जुना कॉम्प्युटर नेऊन दिला. हॉलच्या कोपऱ्यात तो मांडला गेला आणि त्याच्यापुढे काकांची खुर्ची आली. ही खुर्ची म्हणजे कंपनीतली त्यांची स्वतःची. निरोप समारंभाला त्यांना काहीतरी भेट द्यायचं ठरलं, तेव्हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या लोकांनी तीन कोटेशनं मागवली, आणि सर्वांत स्वस्त पडली ती काकांचीच खुर्ची. ती त्यांना हार घालून देण्यात आली. चाकांची, गोल फिरणारी, बाजूचा दांडा ओढला की वरखाली होणारी. तिच्यावर दुसरं कुणी बसत नाही. एकदा एक पाहुणे चुकून बसले, तर काका त्यांच्यासमोर हात बांधून इतका वेळ उभे राहिले की पाहुण्यांना आपण साहेब आहोत असं वाटून ते "बोला" म्हणाले. हॉलच्या फरशीला बिल्डरनं स्वयंपाकघराच्या दिशेनं थोडा उतार दिलेला आहे; का, ते त्यालाच माहीत. त्यामुळे मोकळी सोडली की खुर्ची आपण होऊन निघते. म्हणून तिच्या चाकाखाली कायम पेपरची जाड घडी असते.

पहिलं सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्यानं मिळत होतं. काका थक्क झाले. "पेन्सिल भाड्यानं? आणि महिना संपला की मी मारलेली रेघ कुणाची?" हे विचारायला त्यांनी कंपनीला फोन लावला, पलीकडून एक मुलगी इंग्रजीत बोलू लागली आणि फोन माझ्या हातात आला. मला घाम फुटला. काका बाजूनं सांगत होते, मी कुजबुजत होते.

"तिला सांग, आपल्याला फक्त सरळ रेघा लागतात. गोल काढून टाकले तर कितीला पडेल?"

"काका, असं नसतं हो."

"तू विचार तर. गोल नको, कमानी नको, रंग नकोत. तेवढे पैसे कमी करायला सांग."

मी विचारलं. तिनं तिच्या वरिष्ठाला बोलावलं. त्यानं अतिशय आदरानं आमचा प्रोजेक्ट काय आहे ते विचारलं. मी म्हटलं, खुर्ची. त्यानं विचारलं, किती. मी म्हटलं, एक. त्यानंतर फोन तुटला. रेंज गेली असणार, असं काकांचं अजूनही मत आहे.

दुसरं सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट होतं. कलम वाचता वाचता काकांनी मला थांबवलं. "वयाची अट आहे?" मी पुन्हा पाहिलं. वयाची अट नव्हती. आठवड्याभरात काकांनी जवळच्या भजनी मंडळाच्या पेटीच्या वर्गात नाव घातलं आणि वर्गाची पावती विद्यार्थी असल्याचा पुरावा म्हणून कंपनीला पाठवली. कंपनीचं उत्तर आलं : आपल्या संगीताच्या शिक्षणाला शुभेच्छा, पण हे सॉफ्टवेअर इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. फी भरलेली होती, परत मिळणार नाही असं पावतीमागे स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते काकांनी वाचून मान्य केलेलं होतं. म्हणून त्यांना पेटी शिकावी लागली. ते अजून एकच गत वाजवतात, आणि वाजवून झाल्यावर थोडा वेळ रागानं पेटीकडे बघत बसतात.

तिसरं सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघायला मोफत होतं. महिना पेटी आणि कोटेशनांत गेला, नकाशा अर्धवट राहिला. मी सुचवलं की दुसऱ्या नावानं पुन्हा घेता येईल, सगळे तेच करतात. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुरवठादार असते तर मला काळ्या यादीत टाकलं असतं. "कलमात काय आहे? ज्याच्या नावावर, त्यानंच वापरायचं." म्हणून मग त्यांनी नातेवाइकांच्या नावावर एकेक मोफत महिना घेऊन त्यांना घरी बोलवायला सुरुवात केली. ज्याच्या नावावर सॉफ्टवेअर, त्यानं स्वतः येऊन रेघ मारायची; काका मागे हात बांधून उभे राहून कुठून कुठपर्यंत ते सांगणार. अंबरनाथच्या काकू दोनदा येऊन खुर्चीचा एक पाय काढून गेल्या. "भावजी, हा पलंग आहे का?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "टेंडर उघडेपर्यंत मला बोलता येत नाही." खुद्द मावशीच्या नावावरही एक महिना होता. ती दुखऱ्या गुडघ्यांनी हॉलमध्ये येऊन बसायची, पाठीची आडवी फळी काढायची आणि म्हणायची, "अहो, मी इथे बसून रेघा मारतेय, तिकडे दूध उतू चाललंय. ही खुर्ची कुणाच्या सोयीची आहे?"

श्रावण लागला तेव्हा आमच्याकडे निरनिराळ्या नावांवरचे सात-आठ पाय होते आणि खुर्ची एकही नव्हती. मावशीनं माळ्यावरून मुखवट्यांची पेटी काढून पुसून ठेवली. त्या रविवारी काकांनी भाजीचा भाव एकाच ठिकाणी विचारला, तेव्हा मला त्यांची काळजी वाटली.

शेवटी एका कंपनीनं घरगुती छंदासाठी कायमचं मोफत सॉफ्टवेअर दिलेलं सापडलं. काकांचा विश्वास बसेना. "फुकट? मग यांना काय मिळतं?" त्या 'काय'च्या शोधात आम्ही पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत गेलो. शेवटी ते सापडलं : मोफत आवृत्तीत नकाशा छापता येईल, पण त्यावर मापांचे आकडे उमटणार नाहीत, आकडे हवे असतील तर पैसे भरा. काकांचा चेहरा उजळला. "बघ, मी म्हटलं नव्हतं? पण आपल्याला आकडे लागतातच कशाला? नकाशा पूर्ण आकाराचा काढायचा. कारागिरानं टेप लावला की आकडे आलेच." त्यांनी 'मान्य'वर बोट दाबलं आणि कामाला लागले. दोन रविवारी खुर्ची पुरी झाली. पडद्यावर ती खरोखर सुंदर दिसत होती, बिजागऱ्यांसकट. खाली चौकटीत त्यांनी लिहिलं : 'प्रमाण : पूर्ण आकार. माल नकाशाबरहुकूम असावा. फरक आढळल्यास माल परत करण्यात येईल.'

छापायला मात्र ते एकटेच गेले, स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात. तिथे काय घडलं ते आम्हाला फार पुढे कळलं. दुकानातल्या माणसानं सांगितलं की या आकारात छापायला खूप पानं लागतील, जोडावी लागतील. नाहीतर एका पानात बसवून देतो. काकांनी विचारलं, "एका पानात बसतंय? मग बाकीची कशाला वाया घालवायची?" आणि सबंध खुर्ची, पूर्ण आकार या शेऱ्यासकट, वहीच्या कागदाएवढ्या पानात बसून घरी आली. घरी म्हणजे बंद पाकिटात. काकांनी त्यावर लाख लावून सील केलं होतं.

ते पाकीट घेऊन आम्ही उल्हासनगरला गेलो. कॅम्प चारमध्ये एका सिंधी सेठचा फर्निचरचा कारखाना आहे. कंपनीच्या दिवसांत लाकडी खोकी काका त्याच्याकडून घ्यायचे, आणि घेण्यापेक्षा परत जास्त पाठवायचे. आम्हाला पाहून सेठ उठून उभा राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद आणि भीती दोन्ही होती. कारखान्यात सगळीकडे गणपतीच्या हंगामाचं काम चाललं होतं, छोटे छोटे चौरंग, मखरं, सिंहासनं.

"साहेब, बैठो बैठो. चाय बोलू? ही कोण, बिटिया?"

"आमच्या मेव्हणीची मुलगी. इंग्लिश मीडियम," काका म्हणाले. मी हसले, म्हणजे तसं वाटेल असं तोंड केलं.

"साहेब, खरं सांगू? एक सूत के वास्ते तुम्ही माझी पूरी गाडी परत पाठवली होती. याद आहे?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

"दीड सूत," काका म्हणाले. "हे पाकीट उद्या अकरा वाजता उघडायचं. त्याच्या आधी नाही."

"अरे साईं, आत्ता आहे ना मी इथे!"

"उद्या. अकरा."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटांनी काकांचा फोन वाजला. मी तिथेच होते. सेठचा आवाज हॉलभर ऐकू येत होता.

"साहेब, एक बात पूछनी थी. पेपर पे जितना है, उतनाच बनवायचं ना?"

"पेपरवर आहे तेवढंच."

"बडा वगैरे नाही करायचं?"

"सेठ," काका खुर्चीत ताठ झाले, "इतकी वर्षं तुम्ही मला माल दिलात. एक सूत जास्त नको, एक सूत कमी नको. पेपरला टेप लावा आणि करा."

"ठीक आहे साहेब. जैसा हुकूम." त्याच्या आवाजात मला कोड्यात पडल्यासारखं काहीतरी वाटलं होतं, पण सेठ नेहमीच काकांशी बोलताना कोड्यात पडलेला असतो.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी सकाळपासून काका दारात होते. खुर्ची आत यायला वाट हवी म्हणून त्यांनी चपलांचं कपाट उचलून जिन्यात नेलं आणि कित्येक वर्षांनी त्या घराचं दार पूर्ण उघडलं. शेजारचे लोक नुसतं ते बघायला आले. अंबरनाथच्या काकू हॉलमधल्या सोफ्यावर बसल्या होत्या. मुखवट्यांची पेटी टीपॉयवर होती आणि त्या तिच्याकडे बघायचं टाळत होत्या. मावशी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. चार वाजता खाली आवाज झाला. काका टेम्पोला वाट करून द्यायला गेटपर्यंत धावले. टेम्पो नव्हता. रिक्षातून सेठ उतरला, आणि त्याच्या हातात मिठाईच्या खोक्याएवढं एक पुडकं होतं.

हॉलमध्ये येऊन त्यानं ते टीपॉयवर, मुखवट्यांच्या पेटीशेजारी, ठेवलं आणि हळूच कागद सोडला. आत वीतभर उंचीची खुर्ची होती. शिसवीसारखं पॉलिश, पाठीला कोरलेली कड, काडीएवढे पाय, आणि पितळेच्या इवल्याशा बिजागऱ्या. सेठनं बोटानं टिचकी मारली. खुर्ची मिटली. पुन्हा मारली. उघडली.

"बाप्पा के वास्ते एकदम टॉप बनवली साहेब. घडी होणारं सिंहासन पूरे मार्केट में नाही."

काकांनी खिशातून टेप काढला. मग नकाशाचा कागद मागितला. कागदावरचा पाय मोजला, खुर्चीचा पाय मोजला. पाठ मोजली. बैठक मोजली. कागदावर खाली लिहिलेलं 'पूर्ण आकार' वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "माल परत करता येत नाही. नकाशाबरहुकूम आहे."

पहिल्यांदा हसली ती मावशी. आधी तिचे खांदे हलले, मग ती पोट धरून वाकली, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टरांच्या दिवसापासून ती इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. तिला उभं राहवेना. ती हात चाचपत दोन पावलं पुढे आली आणि समोर जी बैठक दिसली तिच्यावर धपकन बसली. ती काकांची खुर्ची होती. धक्क्यानं चाकाखालची पेपरची घडी निसटली आणि खुर्ची निघाली. मावशी हसतहसत हॉलमधून गेली. सेठनं बाजूला होऊन हात जोडले. काकूंनी पाय वर घेतले. खुर्ची सावकाश स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरली आणि ओट्याला टेकून थांबली.

आतलं हसू हळूहळू थांबलं. काका दाराच्या बाहेर, आत जावं की नाही अशा विचारात उभे होते.

"अहो," आतून आवाज आला, "हा बाजूला दांडा कसला आहे?"

"जरा उठून ओढ. वर होते."

फुस्स असा आवाज झाला.

"आणखी होते?"

"होते. पूर्ण ओढ."

पुन्हा फुस्स. मग मावशी म्हणाली, "पोळपाट कुठे ठेवलाय हो?"

काका गेले आणि त्यांनी पोळपाट दिला. जाताना निसटलेली पेपरची घडीही ते घेऊन गेले होते; ते गुडघे टेकून बसले आणि स्वतःच्या हातानं ती खुर्चीच्या चाकाखाली नीट सारली. अंबरनाथच्या काकू उठल्या, मुखवट्यांची पेटी उचलून देवघरापाशी ठेवली आणि सोळा भाज्यांपैकी आपण कुठल्या आणायच्या ते विचारायला आत गेल्या.

गौरी हेंद्रेपाड्यातच जेवल्या. नैवेद्य मावशीनं खुर्चीवर बसून केला, गॅसकडून सिंककडे आणि सिंककडून गॅसकडे गोल फिरत. गणपती त्या छोट्या खुर्चीवर बसला होता. ती इतकी उत्तम घडी व्हायची की आरतीत टाळांच्या धक्क्यानं मिटेल अशी भीती होती, म्हणून सगळ्या आरत्या संपेपर्यंत काका एका हातानं घंटा वाजवत होते आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी देवाच्या पाठीमागे बिजागरीत घालून ठेवलं होतं. बघणाऱ्यांना वाटलं, काय भक्ती आहे.

त्यानंतर खुर्ची स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, आणि काकांनी ती मागितलीही नाही. ते आता कॉम्प्युटरपुढे उभे राहतात. सोफा बुटका पडतो, टेबल उंच पडतं. एक हात टेबलावर टेकून ते स्वतःसाठी खुर्ची काढताहेत. त्यासाठी पुन्हा सॉफ्टवेअरचा शोध सुरू झाला आहे, कारण ज्यानं एकदा फसवलं त्याच्याकडे दुसरी ऑर्डर द्यायची नाही हा पर्चेसचा नियम आहे. मध्यंतरी मला एक फार चांगलं मिळालं. संपूर्ण मोफत, आकडे छापणारं, एकाही वाकड्या कलमाशिवाय. मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. "चांगलं आहे," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "अजून दोन बघू."

त्यांना घाई नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. मी बोलून दाखवलेलं नाही. त्यांचेही पाय हल्ली दुखतात, ते त्यांनी बोलून दाखवलेलं नाही. रविवारी मी जाते, पुन्हा जागेवर आलेल्या चपलांच्या कपाटाच्या बाजूनं अंग चोरून आत शिरते, आणि ते कागद पुढे करतात. आतून चाकांचा आवाज येतो, तेव्हा ते जरा थांबून तिकडे कान देतात. त्यांना आता पूर्वीइतकं ऐकू येत नाही. "हं, वाच," ते म्हणतात, "कलम गाळू नकोस." आणि मी वाचते. मोठ्यानं.